लष्करी फाटकापुढची रांग



पुणें, खडकी किंवा देवळाली येथें राहणाऱ्यांस लष्करी फाटकापुढील वाहनांची रांग नवी नाहीं. पुणें व खडकी येथील छावण्या १८१७ सालच्या खडकीच्या लढाईनंतर वसल्या, तेव्हां त्या गांवाबाहेर होत्या. पुढें शहर वाढत वाढत त्यांच्या चोहों बाजूंस आलें. आतां सकाळच्या वेळीं फाटकापाशीं दाटी झाली, कीं आपण त्याचें खापर अरुंद रस्त्यावर फोडतों. हें निदान बहुधा चुकतें. तें कसें, हें आज सांगावयाचें आहे.

छावणीलगतच्या एका शाळेंत मीं अनेक वर्षें गणित शिकविलें. एका वर्षीं शालान्त परीक्षेच्या सकाळीं एक हुशार मुलगा वीस मिनिटें उशिरा, धापा टाकीत आला. फाटकाच्या रांगेनें सारा रस्ता अडविला होता, आणि त्याच्या बसला तर फाटकांत जावयाचेंही नव्हतें! त्याचा शेवटचा प्रश्न राहिला, तो राहिलाच. त्या दिवसापासून मी या दाटीकडे एक उदाहरण म्हणून पाहूं लागलों.

समजा, एका वाहनाचें ओळखपत्र पाहण्यास पहारेकऱ्यास दहा सेकंद लागतात. म्हणजे तासास ३६० वाहनें आंत जातील. कचेरी भरण्याच्या वेळीं तासांत ४२० आलीं, तर तासाअखेर ६० वाहनें बाहेर उभीं राहतील. प्रत्येकास सात मीटर जागा धरली, तर रांग ४२० मीटर लांब होईल. आतां रस्ता दुप्पट रुंद केला, तरी आंत जाणार तीं ३६०च. नरसाळें वरून रुंद केल्यानें खालची धार वाढत नाहीं.

परंतु याच हिशेबांत उपायही आहेत. कांहीं खात्यांची वेळ अर्धा तास अलीकडे-पलीकडे केली, तर रांग बरीच ओसरते. एकाच ओळींत पुढें-मागें दोन पहारेकरी ठेवले, तर दोन वाहनांची तपासणी एकाच वेळीं होते. पाहुण्यांच्या परवान्यास कांहीं मिनिटें लागतात; म्हणून पाहुणे व मालमोटारी यांस निराळें फाटक असावें. आणि तपासणीची जागा रस्त्यापासून बरीच आंत घ्यावी, म्हणजे रांग लष्कराच्या जागेंत उभी राहील. यांत संरक्षणाचें हितही आहे. कारण न तपासलेल्या वाहनांची गर्दी भर रस्त्यावर साचणें हें पहाऱ्याच्या दृष्टीनेंही धोक्याचेंच.

मात्र हे उपाय वेळेवर व्हावयास हवेत. अमेरिकेंत मेरीलंड राज्यांत बेथेस्डा येथें नौदलाचें मोठें रुग्णालय होतें. वॉशिंग्टनचें वॉल्टर रीड लष्करी रुग्णालय त्यांत मिळविण्याचें २००५ सालीं ठरलें व २०११ सालीं तें झालें. सुमारें अडीच हजार कर्मचारी वाढले. रुग्णांचे आप्त येत ते निराळेच. समोरच्या रस्त्यापलीकडे भुयारी रेल्वेचें स्थानक होतें. लोकांनीं मोटारी घरीं ठेवून रेल्वेनें यावें, यासाठीं रस्त्याखालून पादचाऱ्यांची वाट काढण्याचें ठरलें. योजना चांगली, पण माणसें २०११ सालीं आलीं, आणि ती वाट कित्येक वर्षांनीं तयार झाली. आधीं वाट व फाटक, मग माणसें, हा क्रम उलटला कीं भुर्दंड रस्त्यावरच्या प्रत्येकास पडतो.

आपल्याकडे दाटीवर दुसराच उपाय योजला जातो : रस्ताच बंद करणें. त्यानें वाहनें नाहींशीं होत नाहींत. तीं दुसऱ्या फाटकापुढें जाऊन उभीं राहतात. २००६ च्या छावणी कायद्याच्या २५८ व्या कलमान्वयें, संरक्षणाच्या कारणास्तव रस्ता बंद करावयाचा झाल्यास आधीं जाहीर सूचना देऊन लोकांच्या हरकती विचारांत घ्याव्या लागतात. ही रीत न पाळतां बंद केलेले रस्ते खुले करण्याचा आदेश संरक्षण मंत्रालयानें २०१८ च्या मे महिन्यांत दिला होता.

तेव्हां श्रोत्यांस एकच विनंती. हरकत घेतांना नुसती तक्रार करूं नका. घड्याळ घेऊन चार दिवस फाटकापाशीं उभे राहा. किती वाहनें आलीं, किती आंत गेलीं, रांग कोठवर पोहोंचली, हें टिपून ठेवा आणि तो तक्ता अर्जास जोडा. रागाच्या पत्रास उत्तर न देतां येतें. आंकड्यांस तें द्यावें लागतें. माझ्या विद्यार्थ्याचीं वीस मिनिटें परत येणार नाहींत, पण पुढच्या मुलांचीं वांचतील.