अंग नेमकं कोण चोरतं?

आइस हॉकीत एखाद्याला ‘सॉफ्ट’ म्हटलं की त्याचं कौशल्य निम्म्या भावात जातं. मग त्याचा सुंदर पास दिसतो, पण मोजला जात नाही. स्वीडनच्या खेळाडूंवर हा शिक्का वर्षानुवर्षं मारला गेला, आणि मला तो साफ अन्यायाचा वाटतो.

गैरसमज: युरोपातले खेळाडू हाताने चलाख, पण अंग चोरून खेळणारे.

1973 मध्ये बोर्ये साल्मिंग आणि इंगे हामरस्ट्रॉम टोरांटो मेपल लीफ्स संघात आले, तेव्हा ‘चिकन स्वीड’ ही शिवी त्यांच्या स्वागताला तयारच होती. खिशात अंडी ठेवून हामरस्ट्रॉम कोपऱ्यातल्या झटापटीत गेला तरी एकही फुटणार नाही, असं खुद्द संघाचे मालक हॅरोल्ड बॅलार्ड म्हणाले. मालकच असं बोलल्यावर प्रेक्षकांना काय दोष द्यायचा?

वस्तुस्थिती: साल्मिंग बचावपटू होता आणि गोलाकडे येणाऱ्या पकसमोर स्वतःला झोकून द्यायचा. पक म्हणजे घट्ट रबराची सुमारे 170 ग्रॅमची चकती. जोरदार फटक्यानंतर ती ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने येते. 1986 मध्ये गोलासमोरच्या गर्दीत साल्मिंग खाली पडला आणि दुसऱ्या खेळाडूच्या स्केटचं पातं चुकून त्याच्या चेहऱ्यावरून फिरलं. दोनशेहून अधिक टाके पडले. तो परत बर्फावर उतरला आणि 1990 पर्यंत एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये, खेळत राहिला. 1996 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला स्वीडिश खेळाडू.

गैरसमज: महान खेळाडू गोलही करतो आणि मारामारीही.

एकाच सामन्यात गोल, गोलसाठी पास आणि मारामारी झाली की त्याला ‘गोर्डी हाऊ हॅटट्रिक’ म्हणतात. ज्या कॅनेडियन दिग्गजाचं नाव तिला मिळालं, त्या खुद्द हाऊच्या नावावर एनएचएलमध्ये अशा दोनच आहेत. 1959 मध्ये त्याने प्रतिस्पर्धी संघातल्या लू फॉन्टिनाटोचं नाक फोडलं, त्यानंतर त्याच्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही. म्हणजे दरारा खोटा नसतो. तो आजूबाजूला मोकळी जागा मिळवून देतो. 801 गोल मात्र हातातल्या कसबाचे.

गैरसमज: ठोशाला ठोसा देत नाही, तो भित्रा.

व्हँकुव्हर संघाच्या हेन्रिक आणि डॅनियल सेडिन या स्वीडिश जुळ्यांनी हे सर्वांत जास्त सोसलं. 2011 च्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात बॉस्टनच्या ब्रॅड मार्शँडने डॅनियलच्या तोंडावर एकामागून एक ठोसे मारले. डॅनियलने हात उचलला नाही. ती मालिका व्हँकुव्हर हरला, आणि ते दृश्य जणू हरण्याचं कारणच ठरवलं गेलं. खरं दुखणं दुसरीकडे होतं: सात सामन्यांत संघाचे गोल झाले फक्त आठ.

सेडिन बंधूंचा खेळ चालायचा तो नेमका कोपऱ्यात. भिंतीकडे तोंड, पाठीवर रेलणारा प्रतिस्पर्धी, बरगडीत घुसणारी त्याची काठी, आणि तरी पक स्वतःच्या काठीला चिकटलेला. मग न बघता भावाकडे पास. उलटा ठोसा मारला असता तर दोघांनाही शिक्षा झाली असती. गप्प राहिलं की फक्त समोरचा बाहेर बसतो, आणि दोन मिनिटं आपले पाच विरुद्ध त्यांचे चार खेळाडू. याच खेळावर, हंगामात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला दिली जाणारी आर्ट रॉस ट्रॉफी 2010 मध्ये हेन्रिकने आणि 2011 मध्ये डॅनियलने जिंकली. आणि असे धक्के खात हेन्रिक 2004 ते 2014 या काळात सलग 679 सामने खेळला, एकही न चुकवता.