टक्... चर्र... टक्! आमच्या साउंड कार्डाची गोष्ट

टक्... चर्र... टक् टक्... चर्रर्र!

घाबरू नका दोस्तांनो, ही भुताची गोष्ट नाही. हा आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरचा आवाज आहे. २०१३ सालची दिवाळीची सुट्टी संपली आणि या आवाजानं आम्हाला जे छळायला सुरुवात केली, ते थेट जानेवारीपर्यंत!

सातारा जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका गावात आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते सातवी. गावच्या मुंबईकर मंडळींनी शाळेला एक जुना कॉम्प्युटर पाठवला होता. चित्रं दिसायची, गणितं व्हायची, पण आवाज मात्र नाही. पोरं म्हणायची, "गुरुजी, हा मुका आहे."

तेव्हा गावात एक आजी होत्या. वय ऐंशीच्या घरात. त्यांना जात्यावरच्या ओव्या कितीतरी पाठ. स्नेहसंमेलनात आजींच्या आवाजातल्या ओव्या ऐकवायच्या आणि त्यावर मुलींनी नाच बसवायचा, असं आम्ही ठरवलं. मग लोकवर्गणी काढली आणि तालुक्याच्या दुकानातून चारशे ऐंशी रुपयांचं साउंड कार्ड आणलं. सातवीतला एक मुलगा होता, वायरमनचा. आम्ही त्याला 'इंजिनिअर' म्हणायचो. त्यानंच ते कार्ड माझ्या देखरेखीखाली बसवलं.

आजी शाळेत आल्या. माइकसमोर बसून त्यांनी तासभर ओव्या म्हटल्या. आम्ही खुशीत रेकॉर्डिंग लावलं आणि ऐकतो तर काय? दोन शब्द आजींचे, की टक्! पुन्हा दोन शब्द, की चर्र! एक ओवी धड ऐकू येईना.

आता थोडं थांबू. हे साउंड कार्ड करतं तरी काय, ते आधी बघू.

आवाजाचे आकडे

आवाज म्हणजे हवेतली थरथर, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. माइक त्या थरथरीची वीज करतो. पण कॉम्प्युटरला लाटा कळत नाहीत, त्याला कळतात फक्त आकडे. म्हणून साउंड कार्ड त्या विजेच्या लाटेची उंची सारखी मोजत राहतं. किती वेळा? ओळखा पाहू! सीडीसारखा स्वच्छ आवाज हवा असेल, तर एका सेकंदात ४४,१०० वेळा! माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. तो पकडायचा तर मोजणी निदान दुपटीनं करावी लागते. म्हणून हा एवढा मोठा आकडा. आणि प्रत्येक मोजणीला उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या.

म्हणजे आजींच्या एका मिनिटाच्या ओवीचे झाले २६ लाख ४६ हजार आकडे! ऐकताना याच्या उलट. कार्ड आकडे वाचतं, त्यांची पुन्हा वीज करतं आणि स्पीकर त्या विजेची पुन्हा थरथर करून हवेत सोडतो. आता या रांगेतले थोडे आकडे मध्येच गळाले किंवा उशिरा पोचले तर? रांगेत भोक पडतं. त्या भोकाचा आवाज म्हणजे आपला 'टक्'!

पूर्वी काय होतं?

आयबीएम कंपनीचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर १९८१ साली आला. त्यात एक छोटासा स्पीकर होता. त्याला 'बीप' करण्यापलीकडे फारसं काही जमत नसे. १९८७ साली कॅनडातल्या ॲडलिब कंपनीनं संगीत वाजवणारं कार्ड आणलं. मग १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं 'साउंड ब्लास्टर' आलं. ही कंपनी काढणाऱ्यांत होते सिम वाँग हू. या कार्डातून संगीतही वाजे आणि माणसाचं बोलणंही ऐकू येई. खेळ खेळणाऱ्या मुलांनी ते जगभर डोक्यावर घेतलं.

पण तेव्हाही ही कार्डं भारी तापदायक, बरं का! कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक कार्डाला एक नंबर लागायचा, आपल्या हजेरीच्या नंबरासारखा. समजा, वर्गात सात नंबरची दोन मुलं आहेत. गुरुजींनी "नंबर सात!" म्हटलं की दोघंही "हजर!" म्हणून ओरडणार. साउंड कार्डाला मिळालेला सात नंबर पुष्कळदा प्रिंटरकडेही असायचा. मग कधी गाणं अडकायचं, तर कधी सगळा कॉम्प्युटरच गप्प. लोक हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्डावरच्या इवल्या इवल्या टोप्या बदलत बसायचे. १९९५ साली आलेल्या 'विंडोज ९५'मध्ये हे नंबर कॉम्प्युटरनं स्वतःच वाटायचे, अशी सोय झाली. तिचं नाव 'प्लग अँड प्ले', म्हणजे लावा आणि वाजवा. ती इतकी फसायची, की लोक तिला 'लावा आणि देवाला हात जोडा' म्हणून चिडवायचे!

आमच्यावर मात्र २०१३ सालीही हात जोडायची वेळ आली होती.

सनई ऐका, वाट बघा

मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाले, "मास्तर, एकदा विकलेला माल परत नाही. वॉरंटी कंपनीची आहे, कंपनीला फोन करा."

केला फोन. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा. कार्डासाठी तीन दाबा. मग सनई सुरू! वीस मिनिटं सनई! गंमत बघा, आमच्या कार्डातून एक ओवी नीट निघत नव्हती आणि कंपनीच्या फोनवरची सनई मात्र एकदम स्वच्छ. शेवटी एक ताई आल्या. "सर, कॉम्प्युटर बंद करून चालू केला का?" केला होता. "पुन्हा करा." फोन बंद.

दुसऱ्या दिवशी दुसरे कोणीतरी. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते म्हणाले, "सर, कॉम्प्युटर फॉरमॅट करा." अहो, आजींच्या ओव्या त्यातच होत्या! तिसऱ्या दिवशी पुन्हा नवीन ताई, पुन्हा "बंद करून चालू केला का?" मोबाइलमधले पैसे संपत आलेले. माझा पारा चढला आणि मी फोनवर नको तेवढं ओरडलो.

फोन ठेवला तर समोर 'इंजिनिअर' उभा. सगळा राग त्याच्यावर निघाला. "तूच काहीतरी वाकडंतिकडं बसवलंस. उद्यापासून कॉम्प्युटरला हात लावायचा नाही!"

तो काही बोलला नाही. मान खाली घालून निघून गेला.

आमच्या वर्गाची मॉनिटर सहावीतली मुलगी होती. तिनं हळूच विचारलं, "गुरुजी, त्या फोनवरच्या ताईंनी कार्ड बनवलं का?"

"नाही गं."

"मग त्यांना का ओरडलात? आणि दादानं बिघडवलं, हे तरी कशावरून?"

खरं सांगतो मुलांनो, मला उत्तर देता आलं नाही. विज्ञानाच्या तासाला मीच शिकवायचो की पुराव्याशिवाय काही मानू नका. आणि मीच निकाल देऊन मोकळा झालो होतो.

वही बोलली

दुसऱ्या दिवशी 'इंजिनिअर'ला बोलावून घेतलं. एक शंभर पानी वही काढली. नियम एकच ठरला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि काय झालं ते तारीख घालून लिहायचं. कार्डाला हात लावण्याआधी दर वेळी कॉम्प्युटरचा प्लग काढायचा, हेही ठरलं.

आधी स्पीकर बदलले. मोबाइलचा हेडफोन लावून बघितला. टक् तसाच. म्हणजे स्पीकर निर्दोष.

मग 'इंजिनिअर'च्या वडिलांनी विजेचं बटण तपासलं. अर्थिंगच नव्हतं! त्यांनी ते करून दिलं. मागे जो सारखा 'घूंऽऽ' असा आवाज यायचा, तो गेला. पण टक् तसाच. म्हणजे एक दोष आमच्याच भिंतीत होता. तोही वहीत लिहिला.

मग कार्ड काढून त्याचे सोनेरी दात खोडरबरानं पुसले आणि शेजारच्या खाचेत बसवलं. टक् तसाच. कार्डाबरोबरच्या सीडीवरून ड्रायव्हर पुन्हा घातला. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला कार्डाशी कसं बोलायचं ते शिकवणारा प्रोग्रॅम. तरी टक् तसाच.

आता दोघांवर संशय उरला. आमचा कॉम्प्युटर, नाहीतर कार्ड. कसं ओळखणार? मॉनिटर म्हणाली, "ग्रामपंचायतीतल्या कॉम्प्युटरला लावून बघू या." सरपंचांची आणि तिथल्या ऑपरेटरदादांची परवानगी घेतली. त्यांच्या कॉम्प्युटरवर आधी गाणं लावलं. एकदम स्वच्छ! मग आमचं कार्ड त्यात बसवलं, तेच गाणं लावलं आणि सगळ्यांनी कान टवकारले.

टक्... चर्र... टक्!

पोरांनी टाळ्याच वाजवल्या. बिघडलेल्या आवाजाला टाळ्या मिळालेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. 'इंजिनिअर' मात्र नुसता हसला. दुसऱ्या दिवशी परिपाठाला सगळ्या शाळेसमोर मी त्याची माफी मागितली.

चोवीस डिसेंबर

२४ डिसेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय ग्राहक दिन. १९८६ साली याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. दर वर्षी मी त्यावर चार वाक्यं बोलायचो. त्या वर्षी आम्ही भाषण केलं नाही, पत्र लिहिलं.

पत्रात रागाचा एकही शब्द नव्हता. कार्ड कधी घेतलं, बिल नंबर काय, कोणकोणत्या तारखांना फोन केले, काय उत्तर मिळालं आणि वहीतल्या पाच तपासण्यांचा तक्ता, एवढंच. शेवटी एक वाक्य: पंधरा दिवसांत कार्ड बदलून न मिळाल्यास आम्ही जिल्हा ग्राहक मंचाकडे दाद मागू. सोबत बिलाची झेरॉक्स. एक प्रत कंपनीला रजिस्टर पोस्टानं पाठवली. दुसरी दुकानदारांच्या हातात दिली आणि तिसऱ्या प्रतीवर त्यांची सही घेतली.

बाराव्या दिवशी कंपनीचा फोन आला. या वेळी सनई नाही! नवीन कार्ड दुकानातच मिळालं. ते देताना दुकानदार म्हणाले, "मास्तर, याच मालातली आणखी दोन कार्डं माझ्याकडे परत आली होती. पण लेखी कुणीच दिलं नाही. नुसतं भांडून गेले."

मग आजींचं काय झालं?

नवीन कार्ड बसलं. अर्थात 'इंजिनिअर'नंच बसवलं. आजी पुन्हा आल्या. पण मधल्या काळात त्यांना ताप येऊन गेला होता, आवाज खोल गेला होता. भावाबहिणीची एक लांबलचक ओवी मुलींना फार आवडली होती. तिच्यावरच नाच बसवायचा होता. तीच आजींना आठवेना.

"हाताखाली जातं असतं तर आली असती रे," आजी म्हणाल्या.

झालं! पोरं बैलगाडी घेऊन गेली आणि आजींच्या घरचं जातं शाळेत घेऊन आली. दोन्ही तळ्या, खुंटा आणि पसाभर जोंधळे. आजी जात्याला बसल्या. माइक जरा लांब ठेवला, नाहीतर नुसती घरघरच भरली असती. जातं फिरायला लागलं आणि आजींचा सूर लागला. पहिल्या वेळी न म्हटलेल्या दोन ओव्या आल्या. पण ती भावाबहिणीची काही आली नाही.

संमेलनात मुली त्या दोन नव्या ओव्यांवर नाचल्या. पहिलं, बिघडलेलं रेकॉर्डिंगही आम्ही पुसलं नाही. ती हरवलेली ओवी त्यातच आहे ना! मॉनिटरनं ते कान लावून कितीदा तरी ऐकलं आणि जेवढे शब्द लागले तेवढे त्याच वहीत लिहून ठेवले. जिथे टक् आहे, तिथे तिनं रेघ मारली आहे.

दोस्तांनो, आज कार्ड विकत आणून बसवायची वेळ सहसा येत नाही. ते सगळं काम मोबाइलमधल्या छोट्याशा चिपमध्ये होतं. पण वस्तू बिघडतात आणि फोनवरची सनई अजूनही वाजते. म्हणून तुमच्यासाठी हे:

वस्तू बिघडली तर...

१. बिल आणि वॉरंटीचा कागद पहिल्याच दिवशी जपून ठेवा.

२. एका वेळी एकच गोष्ट बदलून तपासा आणि लिहा. विजेच्या वस्तूला मोठ्या माणसांशिवाय हात लावू नका.

३. फोन केलात तर तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तिकडचं माणूस नोकरी करतंय, त्याच्यावर ओरडू नका.

४. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

५. तरीही दाद लागली नाही, तर घरच्या मोठ्यांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर सांगा. २०१९ सालचा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आहे. त्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते.

आणि हो, दोष सापडेपर्यंत कुणालाही दोषी ठरवू नका. मी हे जरा उशिरा शिकलो. तुम्ही लवकर शिका!