पुराच्या तालुक्यात दुष्काळ: हातकणंगलेच्या पाण्यात आपला वाटा किती?

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत कोल्हापूर जिल्ह्यातील दोन तालुके होते, गडहिंग्लज आणि हातकणंगले. हातकणंगलेचे नाव वाचून बाहेरच्या अनेकांना आश्चर्य वाटले. उत्तरेला वारणा, दक्षिणेला पंचगंगा आणि मध्ये उसाचा हिरवा पट्टा, अशी या तालुक्याची ओळख. याच तालुक्यातील निलेवाडी, खोची, इंगळी यांसारखी नदीकाठची गावे २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्याने वेढली गेली होती. मग दोनच वर्षांनी तिथे दुष्काळ कसा आला?

हा प्रश्न आपल्या तरुणांनी समजून घ्यायला हवा. कारण पूर असो की दुष्काळ, दोन्हींचा पहिला फटका भूमिहीन मजुराला आणि अर्ध्या-एक एकरवाल्याला बसतो, आणि बौद्ध समाजातील बरीच कुटुंबे याच दोन गटांत मोडतात.

पूर दुसऱ्याच्या पावसाचा, दुष्काळ आपल्या पावसाचा

पंचगंगेचे आणि वारणेचे पाणी हातकणंगलेत पडलेल्या पावसाचे नसते. ते पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या माथ्यावर पडते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी भागात पाऊस कोसळतो, धरणे भरतात आणि नद्या खाली पूर आणतात. हातकणंगले मात्र डोंगराच्या पूर्वेला, पर्जन्यछायेच्या बाजूला आहे. इथल्या शेतात पडणारा पाऊस पश्चिमेच्या तुलनेत फारच थोडा.

त्यामुळे एकाच तालुक्यात दोन प्रकारची शेती आहे. नदीवर मोटार किंवा उपसा योजनेत हिस्सा असलेल्यांची शेती धरणाच्या पाण्यावर चालते. आळते, मजले, नेज अशा डोंगरालगतच्या गावांत ज्यांना हे पाणी मिळत नाही, त्यांची शेती विहीर, बोअर आणि स्थानिक पावसावर उभी असते. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन आणि भुईमूग फुलोऱ्यात, शेंगा भरण्याच्या अवस्थेत असताना पावसाने दडी मारली. ज्याच्याकडे पाइपलाइन होती त्याने एक पाणी दिले आणि पीक वाचवले. ज्याच्याकडे नव्हती, त्याने आभाळाकडे पाहिले.

हवामान बदलाचा अर्थ आपल्या भागापुरता सांगायचा तर असा: पाऊस कमी दिवसांत जास्त पडतो आणि मधले खंड लांबतात. म्हणून शेताला दोन्ही गोष्टी जमल्या पाहिजेत. जास्तीचे पाणी बाहेर काढता आले पाहिजे आणि ओल धरूनही ठेवता आली पाहिजे.

शेत तग कसे धरते?

यातले बरेच उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. सोयाबीनची पेरणी सपाट वाफ्यावर न करता रुंद सरी-वरंब्यावर केली, तर अतिवृष्टीत पाणी सरीतून निघून जाते आणि खंड पडल्यावर वरंब्यातील ओल पिकाला काही दिवस पुरते. एकच पीक घेण्याऐवजी सोयाबीनच्या ओळींत तूर घेतली, तर एक पीक गेले तरी दुसरे हाताला लागते. तुरीची मुळे खोल जातात, त्यामुळे ती वरची जमीन सुकल्यावरही टिकते.

उसाच्या पट्ट्यात सर्वांत मोठी उधळपट्टी आपल्या डोळ्यांसमोर होते, ती म्हणजे पाचट पेटवणे. हेक्टरी सुमारे आठ ते दहा टन पाचट निघते. ते खोडव्याच्या सरीत पसरले, तर जमीन झाकली जाते, बाष्पीभवन कमी होते, दोन पाण्यांतले अंतर वाढवता येते आणि कुजल्यावर त्याचे खत होते. पाचट जाळले की ओलही गेली आणि खतही गेले.

ठिबकने उसाच्या पाण्यात मोठी बचत होते, हेही खरे. पण इथे एक अट आहे. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला, तर शिवारातले एकूण पाणी तेवढेच राहते. बचत झाली असे कागद म्हणतो, शेजारच्या विहिरीचा तळ मात्र खालीच जातो. उलट, वर्षानुवर्षे जादा पाणी दिल्याने शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत जमिनी क्षारपड झाल्या आहेत. म्हणजे पाणी नसल्यानेही जमीन मरते आणि अति पाण्यानेही.

मराठवाड्यात आणि सोलापूर भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिलांबरोबर केलेले काम इथे आठवावे. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर तुकडा बाईने स्वतःच्या निर्णयाने कसायचा, त्यात ज्वारी, कडधान्ये, भाजीपाला अशी घरात खाल्ली जाणारी आणि कमी पाण्याची पिके घ्यायची, हा त्याचा गाभा. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. नगदी पीक बुडाले तरी घरातले धान्य विकत आणावे लागत नाही, ही लहान शेतकऱ्याची खरी ताकद असते.

सवलती कोणाच्या नावावर?

पण हे सारे उपाय ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्यासाठी झाले. २०२३ च्या दुष्काळात सरकारने ज्या सवलती जाहीर केल्या, त्या एकदा मोजून पाहा. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, शेतीपंपाची वीज न तोडणे, परीक्षा शुल्क माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता आणि गरज असेल तिथे टँकर. आठपैकी पाच सवलती सातबारा, कर्जखाते किंवा मोटार यांच्याशी बांधलेल्या आहेत.

ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला उरते काय? मुलांची परीक्षा फी, रोजगार हमीचे काम आणि टँकरचे पाणी. भांगलणीची मजुरी बुडाली, त्याचा पंचनामा होत नाही. खंडाने किंवा वाट्याने शेती करणाऱ्याचे पीक जळाले, तरी भरपाई सहसा सातबारावाल्याच्या खात्यावर जाते. सिंचनाच्या कायद्यातही हेच दिसते. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्था आल्या, पण त्यांचे सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारक आणि भोगवटादारांना. पाण्याचा हक्क जमिनीच्या मागून चालतो. जिथे जमिनीचे वाटप जातीने झाले, तिथे पाण्याचे वाटपही जातीनेच होते, कायद्यात जातीचा उल्लेख नसला तरी.

पाणी माणसाला मोजून दिले तेव्हा

याला पर्याय महाराष्ट्रातच उभा राहिला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न देता घरातील माणसे मोजून द्यायचे: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीने येरळा नदीवर बळीराजा धरण उभे केले. नदीतील वाळूच्या विक्रीतून आणि लोकांच्या श्रमातून ते बांधले गेले. तिथेही भूमिहीन कुटुंबांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्यात समान वाटा, हे तत्त्व मांडले गेले.

भूमिहीनाला पाणी देऊन तो काय करणार, असे काही जण विचारतात. उत्तर सोपे आहे. कोरडवाहू जमीन भरपूर असलेल्या शेतकऱ्याला पाणी हवे असते. पाण्याचा हक्क हातात असलेला भूमिहीन त्याच्याशी बरोबरीने बसून वाटा ठरवू शकतो. तो मजूर म्हणून जात नाही, भागीदार म्हणून जातो.

अडचणीही पाहिल्या पाहिजेत. उपशाचे वीजबिल, दुरुस्तीचा खर्च आणि उसाची ओढ यांमुळे अशा योजना टिकवणे कठीण जाते, आणि हे तत्त्व सरकारी धोरण म्हणून सर्वत्र लागू झालेले नाही. ते कोणी आपणहून लागू करणार नाही. त्यासाठी मागणी उभी करावी लागते.

माणगावचा तालुका

ज्या माणगावात २१ आणि २२ मार्च १९२० रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली, ते माणगाव याच हातकणंगले तालुक्यात आहे. शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेतले आणि १९१८ मध्ये संस्थानातील महारवतने रद्द केली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला जमिनीवरची गुलामी, असे दोन्ही प्रश्न त्यांनी हाती घेतले.

त्याच १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान धारण क्षेत्रांवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान आहे की मोठा, हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्याच्या जोडीला भांडवल, अवजारे आणि इतर साधने किती आहेत यावर ते ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. आजच्या भाषेत सांगायचे तर पाणी असलेला अर्धा एकर हा पाणी नसलेल्या तीन एकरांपेक्षा मोठा असतो. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री असताना दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांची पायाभरणी त्यांच्या खात्यातून झाली. आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला वाद पुढे ठेवला, हे आपल्याला माहीत आहेच. पाण्याचे न्याय्य वाटप हा आपल्यासाठी नवा विषय नाही.

कार्यकर्त्यांनी काय हाती घ्यावे?

पहिले काम सातबाऱ्याचे. आपल्या वस्तीत अनेक वारसांची नावे एकाच उताऱ्यावर असतात, त्यामुळे योजना अडतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. मुलींची नावे लावून, भावकीला एकत्र बसवून हे काम करून द्यावे.

दुसरे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी नवीन विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती, पंप, वीजजोडणी, शेततळ्याचे अस्तरीकरण आणि ठिबक-तुषार संच यांना यात अनुदान आहे. नवीन विहिरीचे अनुदान २०२४ मध्ये अडीच लाखांवरून चार लाख रुपये करण्यात आले. विहिरीसाठी किमान ०.४० हेक्टर जमीन लागते. अर्ज महाडीबीटीवर करायचा आणि पाठपुरावा पंचायत समितीच्या कृषी विभागात.

तिसरे, भूमिहीनांसाठीची कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन शंभर टक्के अनुदानावर देण्याची तरतूद यात आहे. पण सरकारने ठरवलेल्या दरात उसाच्या पट्ट्यात जमीन मिळणे कठीण. म्हणून दरमर्यादा स्थानिक बाजारभावाशी जोडण्याची मागणी तालुक्यातूनच जायला हवी.

चौथे, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गाव दरवर्षी तो मांडते. हिशेब अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. गावात किती पडले, किती मुरले, किती उपसले आणि कोणत्या वस्तीला किती मिळाले, हे फळ्यावर लिहा. शेवटचा रकाना लिहायला लावणे हेच आपले काम. रोजगार हमीतून विहिरी, बांधबंदिस्ती, शेततळी कोणाच्या रानात झाली, त्याची यादीही त्याच सभेत मागा.

पुढचा पावसाचा खंड केव्हा पडेल हे आपल्या हातात नाही. पण तो पडेल तेव्हा दुष्काळाच्या सवलतींच्या यादीत मजुराची बुडालेली मजुरी आणि वाटेकऱ्याचे जळालेले पीक यांचा उल्लेख असावा, यासाठीचा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. सुरुवात माणगावच्या तालुक्यातून व्हावी.