चेंडू थांबलेला असतो, मन नाही

मुंबईच्या उपनगरात वाढलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा येते ती बॅट. मीही घाटकोपरच्या गल्लीत टेनिस बॉलवर वाढलो. त्यामुळे पन्नाशी जवळ आल्यावर गोल्फची काठी हातात घेतली, तेव्हा वाटलं, यात काय अवघड? चेंडू तर जागेवरच पडलेला आहे! पण खरी अडचण तीच आहे. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, विचाराला सवड नसते. गोल्फमध्ये चेंडू वाट पाहत बसतो आणि तेवढ्या वेळात मन नाही नाही त्या शंका काढतं.

आधी स्विंगबद्दल थोडं सांगतो. नवशिक्याची पहिली चूक पकडीची. आपण काठी धरतो ती लोकलच्या दांड्याला लटकल्यासारखी. तिथेच खांदे आखडतात. रस्ता ओलांडताना लहान मुलाचा हात धरतो, तशी पकड हवी. सुटू नये आणि दुखूही नये. दुसरी चूक म्हणजे नुसत्या हातांनी मारणं. काठी मागे नेताना खांदे वळले पाहिजेत, आणि खाली येताना सुरुवात कमरेपासून झाली पाहिजे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं वजन उजव्या पायावरून डाव्या पायावर जातं. फटका संपल्यावर पोट लक्ष्याकडे वळलेलं असेल आणि तोल टिकला असेल, तर बहुतेक सगळं बरोबर झालं असं समजावं. काठी मागे न्यायला चांगल्या खेळाडूला जेवढा वेळ लागतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात ती खाली चेंडूपर्यंत येते. घाईत बिघडते ती ही लय.

हे सगळं मला सरावात जमू लागलं होतं. मग ऑफिसची एक स्पर्धा आली. शेवटचं होल, चेंडू जेमतेम तीन फुटांवर, आणि भोवती साहेबमंडळी. मनगट सरळ आहे ना, डोकं हललं तर नाही, असं स्वतःला विचारत मी चेंडू ढकलला. तो होलच्या बाजूने निघून गेला. माझ्याबरोबरचे कॅडी साठीचे, सगळे त्यांना मामा म्हणत. ते हळूच म्हणाले, "साहेब, ऐन वेळी हातांना शिकवायचं नसतं. त्यांना येतंय ते करू द्यावं."

मामांचं म्हणणं शास्त्रालाही मान्य आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर अनुभवी गोल्फपटूंवर प्रयोग केले. ते २००२ साली प्रसिद्ध झाले. स्वतःच्या फटक्यावर बारीक लक्ष ठेवायला सांगितलं, की या खेळाडूंचा खेळ बिघडे. लक्ष दुसऱ्या कामात गुंतवलं, की तो सुधारे. नवशिक्यांचं मात्र उलट. त्यांना लक्ष देऊनच शिकावं लागतं. म्हणजे स्विंगची दुरुस्ती सरावात करायची, सामन्यात नाही.

मामांना हे कुठे उमगलं? चेंबूरला १९२७ साली स्थापन झालेला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. तिथल्या हिरवळीवर दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारी मुलं आजूबाजूच्या वस्तीत राहत. सभासदत्व त्यांच्या आवाक्याबाहेरचं. मग लोखंडी सळई वाकवून काठी केली, प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि गल्लीबोळात गोल्फ सुरू झाला. पोलंडचे छायाचित्रकार तोमाश गुद्झोवाती यांनी तो कॅमेऱ्यात टिपला. अशा बोळात एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी दार. फटका चुकला की शेजाऱ्यांची बोलणी ठरलेली. त्यामुळे दडपण हा सरावाचाच भाग. खेळ इतका जाणणाऱ्या या मुलांना हिरवळ मिळाली ती बहुधा दुसऱ्यांच्या मागे चालायला, याची खंत वाटते.

दडपणाखाली मोठेही ढासळतात. २०११ च्या मास्टर्स स्पर्धेत रॉरी मॅकलरॉय शेवटच्या दिवशी चार फटक्यांनी पुढे होता. त्या दिवशी त्याला ८० फटके लागले आणि विजेतेपद गेलं. दोनच महिन्यांनी त्याने यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकली. मास्टर्ससाठी मात्र २०२५ उजाडलं. त्या वेळीही शेवटच्या होलवर विजयाचा छोटा पट त्याच्याकडून हुकला. पण जादा होलवर त्याने जस्टिन रोझला हरवलं. हुकलेला फटका मागे टाकून पुढचा खेळणं हीसुद्धा एक कला आहे.

मी आता सरावाच्या शेवटी एकच चेंडू घेतो. तीन फुटांवरून सलग पाच वेळा होलमध्ये जायला हवा. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या वेळी छाती धडधडतेच. प्रत्येक फटक्याआधी क्रमही तोच: चेंडूच्या मागे उभं राहून रेषा पाहायची, लांब श्वास सोडायचा, एकदा होलकडे बघायचं, नजर चेंडूवर स्थिर करायची आणि मारायचं. मुलाखतीला निघालेल्या माझ्या पुतण्यालाही मी हेच सांगितलं. तयारी घरी पुरी कर. दारातून आत जाताना फक्त श्वास सोड.

पट अजूनही हुकतात. पण हल्ली मामा मला काही सांगत नाहीत. नुसते हसून पुढच्या होलची काठी हातात देतात.