ऑफिसची मेल स्पॅममध्ये का जाते?

मजकूर बिनचूक, पत्ता बरोबर, तरी ऑफिसातून गेलेलं कोटेशन ग्राहकाच्या स्पॅम फोल्डरमध्ये पडतं. अनेकदा दोष मजकुराचा नसतो. मेल कोणत्या वाटेनं बाहेर पडली, याचा असतो.

१९८२ साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी हा ईमेलचा नियमसंच लिहिला, तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख पटवायची सोय त्यात नव्हती. ती पुढे जोडली गेली. आज मेल घेणारा सर्व्हर आधी पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता तपासतो. डोमेनच्या एसपीएफ नोंदीत, म्हणजे मेल पाठवायची परवानगी असलेल्या पत्त्यांच्या यादीत, तो आहे का? स्पॅमहाउससारख्या स्पॅमविरोधी संस्थांच्या काळ्या यादीत तर नाही ना?

इथे फायरवॉल कामाला येते. ऑफिसातले सगळे संगणक सहसा एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर जातात. त्यातल्या एकात व्हायरस शिरला आणि तो पोर्ट २५ वरून, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या वाटेनं, परस्पर स्पॅम पाठवू लागला, की तो पत्ताच बदनाम होतो आणि हिशेबनिसाची खरी बिलंही अडकतात. हा अन्याय फायरवॉलनं टाळता येतो. पोर्ट २५ फक्त मेल सर्व्हरला खुला ठेवायचा, बाकीच्यांना बंद. इंटरनेटच्या दोन लाइन असतील, तर मेल ठरलेल्या स्थिर पत्त्यावरूनच जाईल असा नियम फायरवॉलमध्ये लिहायचा. बॅकअप लाइनचा पत्ता एसपीएफमध्ये नसेल, तर तिथून गेलेल्या मेलवर संशय येणारच.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) सक्तीचं आहे. तुमचं नेटवर्क सांभाळणाऱ्याला आजच विचारा: आपली मेल नेमकी कोणत्या आयपी पत्त्यावरून जाते?