कोंबडीचे अंडे कसे जपावे?

टेंभुर्णीला आमच्या घरी आजी गावरान कोंबड्या पाळीत असे. अंडी विकून आलेल्या पैशांतून माझ्या वह्या येत. पुढे आजीला दिसेनासे झाले आणि खुराडे रिकामे झाले. शेवटच्या कोंबडीचे शेवटचे अंडे मी आठवण म्हणून कोनाड्यात तसेच ठेवून दिले. ऐन उन्हाळ्यात ते फुटले, घरभर दुर्गंधी पसरली आणि आठवण उकिरड्यावर गेली. ते का टिकले नाही, याचा शोध घेताना जे समजले ते येथे मांडीत आहे.

अंड्याचे कवच मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीचे असते. त्याची जाडी साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर. त्यावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून आतल्या पिलाला हवा मिळते. पण त्यांतूनच जंतूही शिरतात. मग बलक कुजतो, वायू साठतो व कवच फुटते. म्हणजे नाशिवंत आहे ते आतले, कवच नव्हे. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे १९७० च्या दशकातील उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा नक्षी कोरलेला तुकडा मिळाला. तो सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा आहे. शहामृग आपल्याकडून नाहीसा झाला, कवच मात्र उरले!

तेव्हा अंडे जपायचे तर ते आधी रिकामे केले पाहिजे. ताजे अंडे साबणाच्या पाण्याने धुऊन पुसावे. दोन्ही टोकांना चिकटपट्टीचा तुकडा लावावा, म्हणजे तडा जात नाही. दाभणाने हळूहळू फिरवीत भोके पाडावीत. रुंद टोकाचे थोडे मोठे असावे. लांब सुईने आतला पिवळा बलक फोडावा. मग सुई काढलेल्या इंजेक्शनच्या नळीने लहान भोकातून हवा सोडावी. तोंड लावू नये, जंतूंचे भय असते. निघालेला बलक वाया न घालवता लगेच नीट शिजवून खावा. कवच पाण्याने खळबळून, भोक खाली करून, दोन-तीन दिवस सावलीत वाळवावे. लिंबू किंवा व्हिनेगर मुळीच लावू नये. आम्लाने कवच विरघळते. पुरते वाळल्यावर वरून पारदर्शक व्हार्निशचा हात द्यावा आणि कापसावर, उन्हापासून दूर ठेवावे.

भोकाजवळ तारीख व गाव जरूर लिहावे. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी बहिरी ससाण्याची जुन्या संग्रहांतील कवचे नव्यांशी ताडून पाहिली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती पातळ झाल्याचे १९६७ साली दाखवून दिले. त्याचे मूळ डीडीटी या कीटकनाशकात निघाले. कवचांवर तारखा नसत्या तर हे कळले नसते. मात्र हा छंद कोंबडीपुरताच ठेवावा. रानपाखरांच्या अंड्यांना हात लावण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.

आजीने दिलेल्या पिलांची पैदास शेजारच्या काकूंकडे अजून आहे. त्यांतल्या एका कोंबडीचे अंडे मी दिवाळीच्या सुट्टीत असे रिकामे केले आणि आजीच्या तळहातावर ठेवले. ती बराच वेळ ते चाचपीत राहिली. मग म्हणाली, "आतलं टाकून तर नाही ना दिलंस?"

मी म्हणालो, "नाही आजी. पोळी केली, काकूंच्या पोरानं खाल्ली."

तेव्हा कुठे ती हसली. ते अंडे आता तिच्याच कोनाड्यात आहे.