साडेसहाशे शब्दांत स्वतःची ओळख

2016 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या एका शाळकरी मुलीनं कॉलेज प्रवेशाच्या अर्जासाठी लिहिलेला निबंध वर्तमानपत्रांतून चांगलाच गाजला. विषय होता कॉस्टको, म्हणजे तिकडचं घाऊक मालाचं अवाढव्य दुकान. आईचा हात सोडवून त्या दुकानात बेभान धावणारी दोन वर्षांची पोर पहिल्या ओळींत दिसते. पुढे तीच मुलगी मोठी होते आणि फळ्यांवर रचलेल्या मालाकडे बघता बघता तिला प्रश्न पडायला लागतात. एका प्रश्नातून दुसरा निघतो, इतिहासातून विज्ञानात उडी पडते, आणि वाचणाऱ्याला तिच्या डोक्यातली कुतूहलाची चाकं फिरताना दिसतात. येल, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, पेनसिल्व्हेनिया आणि स्टॅनफर्ड या सगळ्या विद्यापीठांनी तिला प्रवेश देऊ केला.

एकट्या निबंधानं हे घडवलं, असं कुणी समजू नये. गुण, विषयांची निवड, शिक्षकांची शिफारसपत्रं आणि शाळेबाहेरचं काम हे सगळं आधी बघितलं जातं. पण अर्जांच्या ढिगात हुशार मुलं शेकड्यांनी असतात आणि त्यांचे गुण जवळपास सारखेच असतात. त्यातला हा मुलगा किंवा ही मुलगी नेमकी कोण, हे सांगण्याची सोय अर्जात याच एका जागी असते.

ही जागा किती? 1975 मध्ये 15 खासगी कॉलेजांनी मिळून सुरू केलेला ‘कॉमन ॲप’ हा सामाईक अर्ज आज हजाराहून अधिक संस्था स्वीकारतात. त्यातल्या मुख्य निबंधाला किमान 250 आणि कमाल 650 शब्दांची मर्यादा आहे. सात विषय दिलेले असतात. अडचणीतून काय शिकलात, एखाद्या समजुतीला कधी प्रश्न विचारलात, कशात रमलात की वेळेचं भान राहत नाही, असे ते प्रश्न. सातवा विषय ‘तुमच्या आवडीचा कोणताही’. कॅलिफोर्निया विद्यापीठाची रीत वेगळी आहे. तिथे आठपैकी चार प्रश्न निवडायचे आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त 350 शब्दांत उत्तर द्यायचं. स्टॅनफर्ड तर होणाऱ्या रूममेटला चिठ्ठी लिहायला सांगतं.

प्रवेशासाठी माणसाची अशी ओळख मागण्याचा इतिहास मात्र फारसा उजळ नाही. पहिल्या महायुद्धानंतर कोलंबिया, हार्वर्ड, येल या विद्यापीठांत गुणांच्या बळावर ज्यू विद्यार्थी मोठ्या संख्येनं येऊ लागले. ते तिथल्या प्रतिष्ठितांना खुपलं. मग 1920 च्या दशकात ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ हे निकष पुढे आले. फोटो, वडिलांचं जन्मस्थान, मुलाखत, शिफारसपत्रं यांची मागणी सुरू झाली. जेरोम काराबेल या समाजशास्त्रज्ञानं 2005 मधल्या ‘द चोझन’ या ग्रंथात हा सगळा प्रकार कागदपत्रांनिशी मांडला आहे. पुढे काळ पालटला. ज्यांना बाहेर ठेवण्यासाठी ही पद्धत आली, तशाच मुलांना तिच्यामुळे आपली बाजू मांडता येऊ लागली. 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा थेट विचार करायला मनाई केली. मात्र वंशामुळे आयुष्यात काय वाट्याला आलं, त्यातून कोणती धमक किंवा क्षमता घडली, हे विद्यार्थ्यानं निबंधात लिहिलं तर विद्यापीठांना ते विचारात घेता येतं, असंही त्याच निकालात नमूद आहे. जातीचे चटके सोसलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींनाही आपला अनुभव तिथे लिहिता येतो. परक्या वाचकाला जात म्हणजे काय हे समजावण्यात अर्धे शब्द घालवू नयेत, एवढं पथ्य पाळलेलं बरं. गावातल्या एका प्रसंगानं ते काम होतं.

महाराष्ट्रातून असा अर्ज करणाऱ्यांपुढची खरी अडचण इंग्रजीपेक्षा सवयीची आहे. शाळेत निबंध म्हटला की ‘माझा आवडता ऋतू’, ‘नदीचे आत्मवृत्त’, ‘मी मुख्यमंत्री झालो तर’. सुरुवातीला सुभाषित, शेवटी उपदेश, आणि मध्ये गाईडातून उचललेली चार वाक्यं. त्यात लिहिणारा कुठेच नसतो, आणि गुणही त्याच्या नसण्यालाच मिळतात. दहा वर्षं हे गिरवल्यावर सतराव्या वर्षी अचानक ‘तू कोण?’ असा प्रश्न आला की मुलं गांगरतात आणि प्रमाणपत्रांची यादी वाक्यांत गुंफतात.

वास्तविक मराठीला या लेखनाची उत्तम परंपरा आहे. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख आठवावा. सभेत त्यांची ओळख अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी करून दिली जाते. काहीतरी राहून गेल्याची रुखरुख लागते. आणि रस्त्यानं जाताना शाळकरी पोरं ‘ती आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई’ असं म्हणताना ऐकू येतात, तेव्हा ती ओळख पुरी होते. प्रसंग एवढासाच. बाईच्या स्थानाबद्दल, मातृत्वाबद्दल एकही मोठं विधान न करता लेखिका वाचकाला विचारात पाडते. अमेरिकी प्रवेश अधिकाऱ्याला सतरा वर्षांच्या मुलाकडून एवढ्या उंचीची अपेक्षा नसते, पण लेखनाचा प्रकार हाच हवा असतो.

समजा, तासगाव भागातली एक मुलगी अर्ज करते आहे. घरचा बेदाण्याचा धंदा. तिच्या पहिल्या खर्ड्यात हमखास असं वाक्य येईल: ‘शेतकरी कुटुंबात जन्मल्यामुळे मला लहानपणापासून कष्टाचे महत्त्व समजले.’ हे वाक्य खोटं नाही, पण ते लाखो मुलांना लिहिता येईल. तिला कुणी विचारावं की बाई, शेडवर तू नेमकं काय करतेस? मग ती सांगू लागेल. आभाळ भरून आलं की हातातलं ताट तसंच ठेवून सगळं घर ताडपत्री ओढायला रॅककडे धावतं. वरच्या कप्प्यातला माल वाळतो तेव्हा खालचा अजून ओलसर असतो. हे असं का, म्हणून तिनं मागच्या हंगामात रोज दोन्हीकडचे मूठ-मूठ मणी वजन करून वहीत लिहून ठेवले. खाली वारा कमी खेळतो असा तिचा तर्क होता. वडील म्हणाले, दरवर्षी असंच होतं. तिनं दोन रॅकमधलं अंतर वाढवून बघितलं. थोडा फरक पडला, पण जागा कमी पडायला लागली, आणि वडिलांनी रॅक पुन्हा पहिल्यासारखे लावून घेतले.

निबंध इथे आहे. अपेशी ठरलेला प्रयोग, वडिलांशी झालेली बोलाचाली, जागा आणि वारा यांचा न सुटलेला हिशोब हे सगळं लिहिलं, की ही मुलगी वर्गात कशी बसेल, प्रयोगशाळेत काय करेल, हे वाचणाऱ्याला कळतं. ‘मी जिज्ञासू आहे’ असं तिला कुठेच म्हणावं लागत नाही. शेवटी यश मिळालंच पाहिजे, हा समजही तिनं सोडून द्यावा.

दुःखाबद्दल लिहावं का, हा प्रश्न पालक फार विचारतात. घरातला मृत्यू, आजारपण, दुष्काळ, कर्ज हे लिहायला कुणाची बंदी नाही. पण जे अजून भळभळतं आहे, ते परक्यापुढे मांडण्याचं ओझं कुणाही पोरावर टाकू नये. आणि लिहायचंच तर घटनेला थोडे शब्द द्यावेत, तिच्यानंतर मन कसं बदललं याला जास्त. न्यूयॉर्क टाइम्सचे स्तंभलेखक रॉन लीबर 2013 पासून पैसा, काम आणि सामाजिक वर्ग यांवरचे असे निबंध मागवून छापत आले आहेत. कमावण्याबद्दल, टंचाईबद्दल मोकळेपणानं लिहिणाऱ्या मुलांना त्यामुळे वाचक मिळाले.

ब्रिटनला जाणाऱ्यांनी हे सगळं बाजूला ठेवावं. तिथल्या ‘यूकॅस’ अर्जात मुलाच्या आयुष्यापेक्षा विषयाशी असलेलं त्याचं नातं बघतात. आधी 4000 अक्षरांचं सलग निवेदन असे. 2026 च्या प्रवेशापासून तेवढ्याच जागेत तीन प्रश्न आले: हा विषय का, शिक्षणातून तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर आणखी काय केलं. आजीच्या आठवणींनी सुरू होणारा निबंध तिथे वाया जातो.

आता पैशाची बाजू. मोठ्या शहरांत असे निबंध ‘घडवून’ देणारे सल्लागार भरमसाट फी घेतात. 2021 मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये आलेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे आलेल्या 60,000 अर्जांचे निबंध तपासले गेले. निबंधांतल्या मजकुराचं कुटुंबाच्या उत्पन्नाशी असलेलं नातं सॅट या प्रवेश परीक्षेच्या गुणांपेक्षाही घट्ट निघालं. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली. 2024 मध्ये ड्यूक विद्यापीठानं निबंधाला आकड्यांत गुण देणं थांबवलं; निबंधातली लेखणी विद्यार्थ्याचीच असेल असं आता गृहीत धरता येत नाही, हे कारण होतं. यंत्राकडून मजकूर लिहून घेऊन तो आपला म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमांत फसवणुकीत मोडतं. नियम बाजूला ठेवला तरी नुकसान मुलाचंच आहे. सल्लागार काय, यंत्र काय, दोघंही वाक्यं घासूनपुसून एकसारखी करतात, आणि तासगावच्या ताडपत्रीऐवजी पुन्हा ‘कष्टाचे महत्त्व’ येऊन बसतं. ज्यांच्याकडे फी नाही त्यांना हे ठासून सांगायला हवं, कारण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्यालाही घरची ऐपत न बघता निवडतात आणि निवड झाली की गरजेइतकी मदत देतात.

कॉमन ॲप दरवर्षी 1 ऑगस्टला नव्यानं खुला होतो. लवकरच्या फेरीची मुदत बऱ्याच ठिकाणी 1 नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीचा पहिला आठवडा. म्हणजे बारावीची सराव परीक्षा, जानेवारीतली जेईई आणि निबंध हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं. म्हणून अकरावीच्या मे महिन्यातच सुरुवात करावी, आणि तीही मराठीत. घरात ज्या भाषेत भांडतो, ज्या भाषेत हिशोब करतो, तिच्यात पहिला खर्डा उतरवला की तपशील आपोआप येतात. इंग्रजी नंतर करता येतं. खर्डा दोघांना दाखवावा: एक आपल्याला ओळखणारा, एक अगदी अनोळखी. पहिल्यानं ‘हे तुझंच आहे’ म्हणायला हवं आणि दुसऱ्यानं पुढचं काय, असं विचारायला हवं. मग मोठ्यानं वाचत कापाकापी. बहुतेक खर्ड्यांत पहिला परिच्छेद सगळा उडवता येतो, आणि साडेसहाशेचं गणित तिथेच सुटतं.